धानोरी डावीकडं

दादानं रिक्षावाल्याला धानोरी डावीकडं सांगितली. गुरुवार, सकाळचे साडेनऊ, विश्रांतवाडीचा चौक. आम्ही दोघं त्याच्या गोळ्या आणायला निघालो होतो आणि सिग्नलला उभे होतो. येरवड्याकडून एक रिक्षा आली, मागं बॅगा मांडीवर घेतलेली एक बाई. ड्रायव्हर नवीन असणार. मान बाहेर काढून म्हणाला, "भाऊ, धानोरीला कसं?" दादानं एक सेकंद लावला नाही. डावा हात खांद्यातून सरळ उघडला, बोटं जुळलेली, मनगट जरा वर, तो हात अजूनही बघत बसावा असा आहे, आणि म्हणाला, "डावीकडं. मग सरळ." रिक्षा डावीकडं गेली. बाईनं थँक्यू म्हटल्यासारखी मान हलवली. दादा परत सिग्नलचे आकडे बघायला लागला, सत्तावीस, सव्वीस, पंचवीस. आता चुकीचा रस्ता सांगणं ही पुण्यात जुनी समाजसेवा आहे, त्यात काही नाही. पण धानोरीचा रस्ता आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे, चौकातून उजवीकडं. दादा चौतीस वर्षं तिथून जातोय. आणि खरं तर तेही नाही. धानोरी आमच्यासाठी रस्ता नव्हताच. धानोरी म्हणजे दहा पावलं सरळ पळायचं आणि उजव्या पायावर जोर न देता, डावा पाय रोवून, काटकोनात उजवीकडं तुटायचं. वळून हात पुढं केला की बॉल तिथं असतो. आधी नाही, नंतर नाही. तिथं.

हे कुणाला सांगणार? दादा क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे काय हे समजावून सांगायला लागतं तिथंच आमची निम्मी अब्रू जाते. अमेरिकन फुटबॉल, पायानं नाही, हातानं, दोन्हीकडं टोक असलेला बॉल, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जातात तो. टीममधला एकच माणूस बॉल घेऊन मागं उभा राहतो, समोरून पाच जण त्याला चिरडायला येत असतात आणि त्यानं दोन-अडीच सेकंदांत बघायचं की आपला कोण कुठं पोचणारे, आणि जिथं तो अजून पोचलेला नाही तिथं बॉल फेकायचा. तो दादा. आळंदी रोड बायसन. टी-शर्टवर बायसन, बाकी सगळे गवेच म्हणायचे. दोन हजार बारा ते एकोणीस, आठ वर्षांत सात वेळा चॅम्पियन, सलग एकेचाळीस मॅच हार नाही. एकूण टीमा किती? पाच. एका वर्षी सहा झाल्या, पण सहावीची पोरं हाफटाइमला वडापाव खायला गेली ती आलीच नाहीत. पप्पा म्हणायचे, "सौरभ, तू महाराष्ट्रात पहिला आहेस, पण महाराष्ट्राला ते कळवायचं राहिलंय." तरी मी सांगते, मी बघितलंय. मी लहान होते, पण डोळे होते ना. कळसकडं जाताना मिलिटरीच्या भिंतीलगत मोकळं मैदान होतं, आता तिथं अकरा मजली बिल्डिंग आहे, तिथं अठरा पोरं गोल करून वाकायची आणि दादा हळू आवाजात म्हणायचा, "टिंगरेनगर. दोनवर." दोनवर म्हणजे दुसऱ्या आरोळीला सुटायचं. आणि ती अठरा पोरं, कुणी झेरॉक्सच्या दुकानातली, कुणी कॉलेजातली, कुणी पहिल्यापासूनच रिकामी, एकदम अशी सुटायची की एका माणसाचे छत्तीस पाय आहेत असं वाटायचं.

नावं त्यानं ठेवली होती. अमेरिकन नावांची एक प्रिंटआउट होती, पोरांना ती धड वाचता यायची नाही, आणि वाचता आली तर समोरच्या टीमलाही कळायची. मग दादानं आपला चौकच मैदानात आणला. तू चौकात उभा आहेस, तोंड आळंदीकडं. उजवीकडं धानोरी. लगेच उजवीकडं, जवळ, टिंगरेनगर. मागं फुलेनगर, म्हणजे पुढं पळाल्याचं नाटक करून गर्रकन परत माझ्याकडं यायचं. डावीकडं सांगण्यासारखं काही नाही म्हणून नुसतं नदी. आणि समोर, सरळ, लांब, कळस. कळस पळताना एकच नियम, मागं बघायचं नाही. बॉल यायला लागला की तुझ्या खांद्याला कळेल, तोपर्यंत मागं बघितलंस तर एक पाऊल गेलं. "फेकायचं काम माझं, विश्वास ठेवायचं तुझं," असं दादा पुष्करला म्हणायचा. पुष्कर कर्वेनगरहून दोन बस बदलून यायचा. इंजिनिअरिंगचा, गोरा, बारीक, पळताना कोपर बाहेर. कळस त्याच्यासाठीच होता. दोन हजार सतराच्या फायनलला शेवटचे नऊ सेकंद उरले होते, नाशिकवाले तीन पॉइंटनं पुढं. दादानं कळस फेकला आणि बॉल हातातून सुटतोय तोच दोघांनी त्याला छातीतून आणि गुडघ्यातून असा घेतला की तो आडवाच हवेत दिसला मला. डोकं आधी टेकलं. सगळे बॉलकडं बघत होते, मी एकटी त्याच्याकडं. कारण क्वार्टरबॅकला आपला बॉल कधीच बघायला मिळत नाही, तो तोपर्यंत कुणाच्या तरी खाली असतो. गवताला गाल लावून, डोळे मिटलेले, तो विचारत होता, "पकडला का? ए, पकडला का?" आणि जो उभा असेल त्यानं काही न बोलता दोन्ही हात सरळ वर करायचे. टचडाऊन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडं पोचला. मग दादा उठायचा. दर मॅचला हेच. त्या दिवशी मी रेषेबाहेरून दोन्ही हात वर केले. त्यानं एक डोळा उघडून माझे हात बघितले आणि हसला, आणि त्याच्या दातांत माती होती.

हेल्मेट बारा होती आणि पोरं अठरा. कुठल्या तरी कॉलेजात टाकून दिलेली, खोक्यातून आलेली. त्यातलं एक आतून पोकळ होतं, फोम कुजून गळून गेलेला. कॅप्टन म्हणून चांगलं हेल्मेट घ्यायचं तर यानं कॅप्टन म्हणून ते पोकळ घेतलं. आईनं जुन्या गोधडीचे तुकडे कापून आत टाचले. दर सीझनला नवीन तुकडे, घामानं जुने दगड व्हायचे. आई मशीनवर बसून म्हणायची, "घे, तुझ्या आजीच्या लुगड्यात डोकं ठेवून खेळतोयस, कोण काय करणारे तुला." गेल्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला मार किती वेळा बसला असेल? दादा म्हणाला, "मॅडम, तुम्ही पायऱ्या मोजता का चढताना?" डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला काचेवर डोक्याचा फोटो लावून दाखवला, पांढरं-करडं, म्हणाल्या याचं वय इतकं नाही आणि हे असं दिसायला नको. आईनं तेवढंच विचारलं, "त्यात गोधडी घातली होती, त्यानं काही…?" आणि वाक्य सोडून दिलं. घरी येऊन तिनं माळ्यावरच्या सगळ्या गोधड्या काढल्या आणि वस्तीत वाटून टाकल्या. थंडीत आम्ही विकतची ब्लँकेटं घेतो.

म्हणून त्या गुरुवारी मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती, आणि मळतच राहिली. म्हणाली, "चौकात काम चालूय, पत्रे लावलेत चहूकडं, माणूस गोंधळतो." मी म्हटलं, "आई, तो गोंधळला नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे. गोंधळला असता तर बरं झालं असतं." आई म्हणाली, "शनिवारपर्यंत काही बोलू नकोस." शनिवारी कर्वेनगरच्या एका शाळेत दादाला बोलवलं होतं. ऑलिंपिकमध्ये आता फ्लॅग फुटबॉल येतोय, तोच खेळ पण धक्काबुक्की नाही, कमरेला फडकी लावायची आणि ती ओढायची, त्यामुळं ज्या शाळांना काल या खेळाचं नाव माहीत नव्हतं त्यांना आज कोच पाहिजे होता. पुष्करनं जमवलं होतं. त्याचा मुलगा त्या शाळेत सीनियर केजीत. पुष्कर आता मोठ्या कंपनीत आहे, पोट आलंय, पण दादाशी बोलताना आवाज तसाच, मैदानात ओरडल्यासारखा. "सौऱ्या, फक्त अर्धा तास डेमो. दोन-चार बॉल फेकायचे, पोरं येडी होतील. बाकी सगळं मी बघतो." दादाच्या डोक्याचं पुष्करला माहीत नव्हतं. दादानं सांगू दिलं नव्हतं. दोन वर्षं तो घरी बसून होता, जिमची नोकरी गेली कारण त्यानं एकाच माणसाला एकाच सकाळी तीनदा वॉर्मअप करायला लावला. पण संध्याकाळी गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागं, आम्ही दोघं बॉल टाकायचो आणि तिथं तो एकदाही चुकायचा नाही. आईचं नाव शोधायला त्याला कधीकधी वेळ लागतो. टिंगरेनगर म्हटलं की हात आपोआप. मला वाटायचं, डोक्यातलं सगळं वाहून गेलं तरी हे तळाशी राहणार, भांड्याला लागलेलं असतं तसं. आणि ते राहिलं तर दादा राहिला.

त्याचे बॉल पकडायला आता मी एकटीच. मी दहावीत शाळा सोडली. सोडली म्हणजे, गणिताच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, भाऊ काय करतो, मी म्हटलं क्वार्टरबॅक आहे, ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे पाव मागं." वर्ग फुटला हसून. मी कंपास बॉक्स फेकला. दादानंच शिकवलेलं, नेम चुकला नाही. सरांच्या भुवईला टाका पडला, मला घरी पाठवलं, माफी माग म्हणाले, मी मागितली नाही. आता कुणी शिकतेस का विचारलं की माझं डोकं फिरतं. दादा तेव्हा एवढंच म्हणाला होता, "फॉलो-थ्रू चांगला होता का?"

गुरुवार-शुक्रवार मी त्याच्यावर डोळा ठेवून होते आणि स्वतःचाच राग येत होता. चहा पिताना सहज म्हटलं, "दादा, धानोरीला जायचंय, कुठून वळू?" तो म्हणाला, "पायानं वळ." मी म्हटलं, "सांग ना." तर म्हणाला, "सतरा वर्षं इथं राहून धानोरी विचारतेस, पूर्वे? बावळट. शाळा सोडली तिथंच ठेवलास का भूगोल?" आई हसली. मला हसू आलं नाही, कारण त्यानं उत्तर दिलं नव्हतं. मग मला मागचे कितीतरी जोक आठवायला लागले. वार विचारला की "तुझा वाढदिवस नाही एवढं नक्की." भाजी काय आणलीस, "हिरवी." सगळे खोटे दरवाजे, रंगवलेले. आत काही आहे की नाही कळू नये म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी टाकीमागं जायचं तर नेमकं तिथं टँकर लावलेला. जागा नव्हती. मी मनात म्हटलं बरं झालं, बघायला नको. ही पहिली चूक असेल माझी. बघायला पाहिजे होतं.

शनिवारी पुष्कर गाडीनं घ्यायला आला. रस्ताभर तो सतराची फायनल सांगत होता आणि दादा खिडकीबाहेर बघत "हां, हां" करत होता. मी मागं बसून त्याच्या मानेचा मागचा भाग बघत होते, तिथं केस कमी कापलेत, आईनं घरी कापले होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, धानोरी म्हणाला तर? त्याच्या हातात उजवीकडं आहे की डोक्यात डावीकडं आहे? त्या रिक्षावाल्याला दाखवतानाचा हात मला पुन्हा पुन्हा दिसत होता, इतका खात्रीचा. आणि मी ठरवलं. तो चुकणारच असेल तर मी त्याच्या चुकीत जाऊन उभी राहणार. बॉल डावीकडं येईल आणि मी डावीकडं असेन आणि कुणाला काहीही कळणार नाही, पुष्करला सुद्धा मी सांगेन की नावं बदललीत आम्ही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. कर्वेनगर येईपर्यंत मी खूश होते.

शाळेचं ग्राउंड सारवल्यासारखं स्वच्छ. नीरजा मॅडम म्हणून प्रिन्सिपल होत्या, साडी कडक, आवाज त्याहून. पुष्करला म्हणाल्या, "आपण म्हणालात अर्धा तास, म्हणून मी पंचवीस मिनिटं काढलीत." माझ्याकडं बघून, "ही कोण?" दादा म्हणाला, "रिसीव्हर. माझी बहीण." मॅडम म्हणाल्या, "कॉलेजला?" मी म्हटलं, "नाही." मी आणखी काही बोलणार तोच दादानं माझ्या पाठीत बॉलचं टोक टोचलं, गप. साठ-सत्तर पोरं रेषेवर बसवली होती, तोंडावर बोट ठेवून. पुष्कर डिफेंडर म्हणून माझ्यासमोर आला, पोट सावरत. दादानं बॉल हातात फिरवला, शिवण बोटांना लागली आणि त्याचे खांदे खाली आले. त्याचा चेहरा बदलला. मला तो पाच वर्षांत पहिल्यांदा दिसला, तो, मातीचे दात असलेला.

"नदी," तो म्हणाला. मी डावीकडं तुटले, बॉल हातात. पोरांची बोटं तोंडावरून निघाली. "फुलेनगर." मी पुढं पळाले, पुष्कर फसला, मी गर्रकन मागं, बॉल पोटाशी येऊन बसला, जणू आधीपासून तिथं होता. पोरं ओरडायला लागली. पुष्कर धापा टाकत म्हणाला, "सौऱ्या, साल्या, तसाच आहेस रे!" मॅडमनी चष्मा काढून पुसला. आणि दादा म्हणाला, "धानोरी."

दहा पावलं. दहा पावलांत माणूस किती विचार करू शकतो. हात उजवीकडं, डोकं डावीकडं. रिक्षा, बाई, बॅगा. सातव्या पावलाला मला वाटलं, उजवीकडं जा, नेहमीसारखी जा, तो दादा आहे. नवव्याला त्याचा तो उघडलेला डावा हात दिसला. दहाव्याला उजवा पाय रोवला आणि मी डावीकडं तुटले. वळून हात पुढं केला. हात रिकामे. बॉल उजवीकडं गेला होता, कमरेच्या उंचीवर, फिरकी अशी की टोक हलत नव्हतं, आणि जिथं मी असायला पाहिजे होते बरोब्बर तिथून जाऊन कुंडीवर आपटला. कुंडी फुटली नाही. मी नंतर बघितली.

"मुलीचा काहीतरी घोळ झाला," नीरजा मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या. पुष्कर म्हणाला, "होतं, होतं, प्रॅक्टिस नाही तिला, पुन्हा." कुणीतरी बॉल आणून दादाला दिला. मी जागेवर परत येताना खाली बघत होते. मी म्हणणारच होते, सॉरी, मी चुकले. पण वर बघितलं तर दादा माझ्याकडं बघत नव्हता. तो मी गेले होते त्या डाव्या बाजूकडं बघत होता. मग उजवीकडं, कुंडीकडं. मग परत डावीकडं. बॉल हातात फिरत होता पण शिवण सापडत नव्हती.

"पूर्वे," तो म्हणाला, "धानोरी कुठं गं?"

पोरं हसली, त्यांना वाटलं जोक आहे. पुष्करही हसला आणि मग हसता हसता त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी म्हटलं, "उजवीकडं, दादा. तू बरोबर टाकलास. उजवीकडंच." तो म्हणाला, "मग तू डावीकडं का गेलीस?" मी कुंडीकडं बघितलं. "तू चुकत नाहीस," तो म्हणाला, रागानं नाही, समजूत घातल्यासारखं, माझी नाही, स्वतःची. "तू कधीच चुकत नाहीस. म्हणजे डावीकडं असणार. डावीकडंच असेल." आणि त्यानं मान हलवली, त्या रिक्षातल्या बाईनं हलवली होती तशी. मला ओरडायचं होतं. मला तो बॉल मॅडमच्या चष्म्यावर मारायचा होता. भांड्याच्या तळाला ते होतं, दादा, शाबूत होतं, मीच नखानं खरवडून काढलं. पण हे कुणाला सांगणार? मॅडमनी घड्याळ बघितलं. पुष्कर दादाच्या खांद्यावर हात ठेवायला दोन पावलं पुढं आला, आणि ते मला बघवलं नसतं.

मी म्हटलं, "कळस, दादा. कळस टाक." आणि त्याच्या हो-नाहीची वाट न बघता सुटले. सरळ. ग्राउंड लांब होतं, पलीकडं कंपाउंडची भिंत, तिच्यावर चित्रं काढलेली, सूर्य, झाड, स्वच्छता. मागं बघायचं नाही. फेकायचं काम त्याचं. पोरांचा आवाज मागं पडला, माझाच श्वास, माझेच बूट. खांद्याला कळेल म्हणाला होता. मी खांद्याकडं लक्ष देऊन पळत राहिले. झाड मोठं होत गेलं, त्याची पानं दिसायला लागली, मग रंगाचे ओघळ दिसायला लागले, आणि दोन्ही तळवे भिंतीवर आपटले. भिंत गरम होती. मी तशीच उभी राहिले. नियम असा आहे की मागं बघायचं नाही.

मग मागून आवाज आला, लांबून, तो जुना, मैदानातला.

"पूर्वे! पकडला का?"

मी वळले. तो जिथं होता तिथंच उभा होता. बॉल त्याच्याच हातात होता, दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, आणि तो मान उंच करून, डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होता.

मी दोन्ही हात सरळ वर केले.